क्लबचा सर्व्हर: रूट कुणाला आणि कशावर

१८ जुलै

या टर्मला सिस्टिम टीमचं काम माझ्याकडे आलंय. नोंदी इथेच ठेवतोय, म्हणजे पुढच्या वर्षी जो कोणी येईल त्याला "हे असं का केलंय" म्हणून डोकं खाजवत बसायला नको.

आजची मीटिंग जवळपास सगळी एकाच विषयावर गेली. गेल्या वर्षी मेंबरांचं सुडो (रूटच्या, म्हणजे मशीनवर वाटेल ते करू शकणाऱ्या युजरच्या, हक्काने कमांड चालवायची सोय) काढून घेतलं ते परत द्यायचं का. काढलं का तर एका जुन्या मेंबरच्या होम डिरेक्टरीत (सर्व्हरवरचं प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर) एक ब्लॉग पडून होता, त्याचं प्लगिन कित्येक वर्षं अपडेट नव्हतं, तिथून कोणीतरी घुसलं आणि आपला सर्व्हर रात्रभर स्पॅम पाठवत बसला. सकाळी नेटवर्कवाल्यांनी पोर्टच बंद केला. आता यात सुडोचा संबंध कुठे आला? सगळा उद्योग वेब सर्व्हरच्या युजरने झाला, रूट कुणाला मिळालंच नव्हतं. पण काहीतरी कडक पाऊल उचललं असं दाखवायचं होतं, मग मेंबरांचे हक्क काढले. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. आणि ज्या सेटअपमुळे झालं तो आजही तसाच आहे, सगळ्यांचं पीएचपी (ब्लॉग ज्या भाषेत लिहिलेले असतात ती) एकाच युजरखाली चालतं, म्हणजे एकाचा ब्लॉग फुटला की बाकीच्यांच्या कॉन्फिग फाइलमधले डेटाबेसचे पासवर्डही वाचता येतात.

सुडो गेल्यापासून नवीन पोरं येतात, टर्मिनल उघडतात, दोन-चार कमांड मारतात, "परमिशन डिनाइड" बघतात आणि दुसऱ्या महिन्यापासून येत नाहीत. कॉम्प्युटिंग क्लबमध्ये येऊन कॉम्प्युटरला हात लावायचा नसेल तर मग लेक्चर काय वाईट होतं.

एक दादा (आता फायनलला आहे) म्हणाला सगळ्यांना देऊन टाका, जे होईल ते बघू. मॅडम (सर्व्हर रूमची किल्ली त्यांच्याकडे असते) म्हणाल्या कुणालाच नको. दोघांनाही "रूट" म्हणजे एकच वस्तू वाटतेय, द्यायची किंवा नाही द्यायची. कशावरचं रूट हे कोणी विचारतच नाहीये.

२१ जुलै

फळ्यावर दोन रकाने केले. एका बाजूला जे गेलं तर परत आणता येणार नाही किंवा जे दुसऱ्या कुणाचं तरी आहे: होम डिरेक्टऱ्या, मेलिंग लिस्टांचं आर्काइव्ह, मेंबरांचा डेटाबेस, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा), बॅकअपच्या किल्ल्या. दुसऱ्या बाजूला जे स्क्रिप्ट चालवून पुन्हा उभं करता येतं. प्रॉब्लेम असा की आपल्याकडे दुसऱ्या रकान्यात काहीच नव्हतं. स्क्रिप्ट नाहीतच. सगळं हाताने केलेलं, कुणी केलं, कधी केलं, पत्ता नाही. डेस्कटॉपसुद्धा एकावरून दुसरा क्लोन करत आलेले.

म्हणजे मोडायला काही द्यायचं असेल तर आधी ते बांधायला शिकलं पाहिजे. काम वाढलं.

२३ जुलै

रूटच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये (पासवर्डऐवजी कोणाकोणाच्या डिजिटल किल्लीने रूट म्हणून लॉगिन होता येतं त्याची यादी) पासआउट होऊन गेलेल्या लोकांच्या किल्ल्या. काढल्या. कोणाच्या आहेत तेच कळत नव्हतं अशाही होत्या, त्याही काढल्या, ज्याची असेल तो ओरडेल. (अजून कोणी ओरडलं नाही.)

२८ जुलै

आज मजा आली. सेकंड इयरची एक मुलगी म्हणाली, सर्व्हर राहू दे, पण लॅबमधल्या डेस्कटॉपवर तर रूट द्या ना, तिथे कुणाचं काही नाहीये, बिघडला तर पुन्हा इन्स्टॉल करू. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. दादा पण लगेच हो म्हणाला.

मी तिला म्हटलं बस, दाखवतो. एका डेस्कटॉपवर तिला रूट दिलं. तिने माझ्या होममध्ये जायचा प्रयत्न केला, "परमिशन डिनाइड". खूश झाली, म्हणे बघ, रूटलाही नाही उघडत. ते रूट स्क्वॅश, सर्व्हर शून्य नंबरच्या युजरला, म्हणजे रूटला, नोबडी (कसलेच हक्क नसलेला युजर) करून टाकतो म्हणून. मग म्हटलं आता माझ्या नावाने एसयू (दुसरा युजर बनायची कमांड) कर. रूटला पासवर्ड विचारत नाहीच. केलं, आणि माझं सगळं होम समोर, एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पद्धत) प्रायव्हेट कीसकट.

होमं सगळी एनएफएसवर (सर्व्हरवरच्या फाइल्स नेटवर्कवरून बाकीच्या मशीनना दाखवणारी सोय) आहेत आणि आपण जो साधा प्रकार वापरतो त्यात क्लायंट सांगेल तो युजर नंबर सर्व्हर खरा धरतो. डेस्कटॉप म्हणतो मी १०४२ आहे, सर्व्हर म्हणतो बरं. तो डेस्कटॉप प्रामाणिक आहे या एकाच गोष्टीवर सगळं उभंय. त्यामुळे लॅबमधल्या एका मशीनवर रूट म्हणजे सगळ्या मेंबरांच्या सगळ्या फाइल्स. एवढंच कशाला, कुणीही पेनड्राइव्हवरून बूट केलं तरी तेच, तेव्हा तर आपण काही दिलेलंही नसतं! म्हणजे आत्ता सुडो काढूनसुद्धा आपण सुरक्षित नाहीच आहोत, फक्त शिकत नाही आहोत.

उपाय कर्बेरॉस, नेटवर्कवर ओळख पटवणारी सिस्टिम. त्यात नंबर सांगून भागत नाही, तिकीट लागतं. पण ते लावलं तरी ज्या मशीनवर तुम्ही लॉगिन आहात तिथला रूट तुमचं तिकीट उचलू शकतोच, म्हणजे शेअर्ड मशीनवर रूट वाटणं तरीही नाहीच जमणार. तूर्तास ठरलं असं: ज्या मशीनवर मोडतोड करायची तिथे एनएफएस अजिबात नाही, होम तिथल्या तिथे लोकल. लॅबचे डेस्कटॉप जसे आहेत तसे, बूट मेनूला पासवर्ड.

तिने घरी जाऊन रात्री स्वतःची की बदलली आणि ग्रुपवर सगळ्यांना बदलायला लावली. हे कुठल्याही सूचनेने झालं नसतं.

३० जुलै

फॅकल्टी इन्चार्ज सरांशी बोलणं झालं. सरांचा मुद्दा एकच, पोरांच्या हातात दिलं की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे मॉरिस वर्म, एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरत जाणारा प्रोग्रॅम. २ नोव्हेंबर १९८८, कॉर्नेलचा एक ग्रॅज्युएट विद्यार्थी, एमआयटीच्या मशीनवरून सोडला, तेव्हाच्या इंटरनेटवरच्या साधारण ६०,००० मशीनपैकी ६,००० च्या आसपास आडव्या झाल्या असा अंदाज सांगतात.

मी म्हटलं सर उदाहरण बरोबर आहे पण ते माझ्या बाजूचं आहे. तो वर्म शिरला कशाकशातून? फिंगरडीमध्ये (मशीनवरच्या युजरची माहिती देणारी सेवा) बफरची, म्हणजे राखलेल्या जागेची, लांबी न तपासता वाचणं, सेंडमेलचा (मेल पोचवणारा प्रोग्रॅम) डीबग मोड चालू राहिलेला, मशीनमशीनमधला आंधळा विश्वास, आणि सोपे पासवर्ड, त्याच्याकडे ४३२ शब्दांची यादी होती तेवढी कित्येक ठिकाणी पुरली. रूट त्याने कुठे मागितलंच नाही, त्याला गरजच पडली नाही. पोरांचं सुडो काढून यातलं एकही भोक बुजत नाही. उलट ही भोकं कशी असतात हे ज्याने स्वतः उघडून बघितलंय तोच ती बुजवेल.

सर हसले. म्हणाले तुझं म्हणणं लेखी दे आणि नेटवर्क वेगळं कसं ठेवणार ते काढून दाखव. म्हणजे अर्धा होकार.

मग चहाच्या वेळी सरांनीच एक सांगितलं. एमआयटीमध्ये आयटीएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती, तिच्यात सिस्टिम पाडायची कमांडच दिलेली होती, कोणीही टाइप करावी आणि मशीन बंद. त्यामुळे मशीन पाडून दाखवण्यात काही शौर्यच उरलं नाही. भारी आहे, पण ते सगळे एकमेकांना ओळखणारे लोक होते आणि बाहेरून येणारा फारसा कोणी नव्हता. आपल्या सर्व्हरचं २२ नंबरचं (एसएसएचचं) पोर्ट उघडलं की काही मिनिटांत जगभरातून पासवर्ड मारणं सुरू होतं, लॉग बघा कधीही.

४ ऑगस्ट

जुनं एक मशीन मिळालं, ६४ जीबी रॅमचं. त्यावर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हीएम चालवणारी सिस्टिम) टाकलं. प्रत्येकाला स्वतःचं व्हीएम, म्हणजे मशीनच्या आतलं वेगळं आभासी मशीन, १ जीबी रॅम, त्यात पूर्ण रूट, काहीही करा.

कंटेनर का नाही यावर वाद झाला. कंटेनर (एकाच सिस्टिमवर प्रोग्रॅमना पाडलेले वेगळे कप्पे) हलके, मान्य. पण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सगळ्यांचा एकच असतो, कर्नलमध्ये डर्टी पाइपसारखं काही निघालं (मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेलं, साध्या युजरला वाचायपुरत्या दिलेल्या फाइलवर लिहिता यायचं) की भिंत गेली. आणि पोरांना कर्नल मॉड्यूल लिहून बघायचेत, ते कंटेनरमधून होतच नाही. व्हीएम म्हणजे ज्याचा कर्नल त्याला पॅनिक, कोसळला तर त्याचाच.

नेटवर्क: वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवरचं पण वेगळं पाडलेलं नेटवर्क), खाजगी पत्ते, मुख्य सर्व्हरकडे जाणारं सगळं बंद, बाहेर जायला चालू पण २५ नंबर पोर्ट, मेल पाठवायचं, बंद (स्पॅमचा अनुभव ताजा आहे). बाहेरून आत फक्त जंप होस्टवरून (मधलं दारासारखं मशीन) आणि फक्त किल्लीने. टेम्प्लेट आणि अँसिबल (लिहून ठेवलेल्या पायऱ्यांप्रमाणे मशीन आपोआप उभं करणारा प्रोग्रॅम), म्हणजे व्हीएम मेलं तर दोन मिनिटांत नवीन. दुसऱ्या रकान्यात एकदाचं काहीतरी आलं.

९ ऑगस्ट

एक जण: "मला मुख्य सर्व्हरवर रूट नको रे, फक्त डॉकर ग्रुपमध्ये टाक." (डॉकर म्हणजे कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम, त्या ग्रुपमधल्यांना तो सुडोशिवाय वापरता येतो.) त्याला खरंच वाटत होतं की हे कमी आहे. त्याच्या व्हीएमवर त्याच्याकडूनच करून घेतलं, सुडो नसलेला युजर, डॉकर ग्रुपमध्ये, कंटेनर सुरू करताना होस्टची अख्खी रूट फाइलसिस्टिम आत माउंट, आत जाऊन शॅडो फाइल (सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश असलेली, फक्त रूटला वाचता येणारी) उघड. उघडली. डॉकरच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की हा ग्रुप रूटच्या बरोबरीचा आहे, पण वाचतं कोण. मुख्य सर्व्हरवर रूटलेस पॉडमॅन (डॉकरसारखंच, पण रूटशिवाय चालणारं) टाकलं, तिथे कंटेनरमधला रूट बाहेर साधा युजरच असतो. त्याचं काम झालं, मलाही झोप लागेल.

१४ ऑगस्ट

व्हीएम वाटल्यानंतरचा पहिला शनिवार. काय काय मोडलं त्याची पूर्ण यादी देत नाही, दोनच लिहितो.

फर्स्ट इयरच्या एकाला कुठल्यातरी फाइलची परमिशन एरर येत होती, त्याने कुठेतरी वाचून अख्ख्या फाइलसिस्टिमवर चमॉड (परमिशन बदलायची कमांड) ७७७ मारला. सगळ्यांना सगळं करता यावं म्हणून. आणि झालं उलटंच, सुडो बंद! कारण तीन आकडी मोड दिला की फाइलवरचा सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी तो फाइलच्या मालकाच्या हक्काने चालावा अशी खूण) उडतो आणि त्याच्याशिवाय सुडो हा नुसता एक प्रोग्रॅम. वर मशीन रीस्टार्ट केलं तर एसएसएचही उठेना, होस्टच्या खाजगी किल्ल्या सगळ्यांना वाचता येतात म्हणून तो त्या घ्यायलाच तयार नाही. बिचारा घाबरला, स्नॅपशॉटवर (व्हीएमची आधी जपून ठेवलेली स्थिती) परत जाऊ का विचारत होता.

इथे मी एक नियम केला आणि तो मला या सगळ्या प्रकल्पात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: मोडल्यावर पहिला अर्धा तास स्नॅपशॉट नाही. आधी काय झालंय ते शोधायचं. त्याने कन्सोल उघडला, ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना येणारा बूट मेनू) कर्नलच्या ओळीत इनिटच्या (सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) जागी थेट बॅश, म्हणजे कमांड लाइन, दिला, डिस्क रीड-राइट केली, सुडोला ४७५५, त्याच्या सुडोअर्स (कोणाला काय चालवता येईल त्याची यादी) फाइलला ४४०, प्लगिनला ६४४, किल्ल्यांना ६००. सुडो चालू झालं, एसएसएच उठलं. बाकीच्या हजारो फाइल्स अजून चुकीच्याच होत्या, मग शेवटी व्हीएम नवीनच केलं, पण आता सेटयूआयडी काय असतं हे त्याला मरेपर्यंत लक्षात राहणार.

दुसरं, एकीने फायरवॉल लिहिताना आधी "सगळं ड्रॉप" आणि मग एसएसएच अलाऊ असं एकेक करून टाइप केलं. दुसरी ओळ टाइप करायला ती मशीनमध्ये उरलीच नाही. हे खऱ्या सर्व्हरवर झालं असतं तर मॅडमकडून किल्ली घेऊन सर्व्हर रूममध्ये. तिने नंतर स्वतःच शोधून काढलं, पाच मिनिटांनी जुने रूल परत येतील असं शेड्यूल करून ठेवायचं, सगळं नीट चाललं तर ते रद्द करायचं. आता ही पद्धत आम्ही मुख्य सर्व्हरवर वापरतो. फर्स्ट इयरकडून आलेली!

२२ ऑगस्ट

एसएसएचचं एजंट फॉरवर्डिंग (पुढच्या मशीनवरूनही आपली किल्ली वापरता यावी म्हणून असलेली सोय) बंद करा रे सगळ्यांनी. मित्राच्या व्हीएमवर तो चालू ठेवून गेलात की तिथे रूट असलेला मित्र तुमच्या एजंटचं सॉकेट वापरून तुमच्या नावाने कुठेही जाऊ शकतो. की चोरता येत नाही, पण तुम्ही लॉगिन असेपर्यंत वापरता येते. त्याऐवजी प्रॉक्सीजंप (मधल्या मशीनमधून नुसतं पार जायची सोय) वापरा.

३० ऑगस्ट

मुख्य सर्व्हर. इथे लोकांना थोडंफार काम द्यायचंय पण पूर्ण रूट नाही. दादाने सुडोअर्स फाइलमध्ये छान यादी केली होती, याला फक्त व्हिमने (एडिटर) वेबची कॉन्फिग बदलता येईल, त्याला फक्त लेसने (फाइल पानापानाने दाखवणारा पेजर) लॉग बघता येतील. मी एका संध्याकाळी ती यादी ज्युनियरांसमोर ठेवली आणि म्हटलं यातून रूट काढून दाखवा. व्हिम लगेच गेलं, आतून शेल (कमांड लाइन) सुरू करता येतो, आणि तोही रूटचा. लेस, तेच. मग फाइंड, टार. एकाने तर सिस्टिमसीटीएलचं (सिस्टिमडीच्या सेवा सांभाळायची कमांड) स्टेटस बघताना जो पेजर उघडतो त्यातून काढलं (सिस्टिमडी जुनं असेल तर जमतं, आपलं होतं). यादीतलं जवळपास काहीच टिकलं नाही. दादा खट्टू झाला पण नंतर सगळ्यात जास्त तोच शोधत बसला.

त्यामुळे कमांडांची यादी हा प्रकारच सोडला. आता मुख्य सर्व्हरची कॉन्फिग गिटमध्ये (फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम). बदल करायचा तर आधी स्वतःच्या व्हीएमवर करून बघ, मग पुल रिक्वेस्ट ("हा बदल घ्या" अशी विनंती) टाक, दोघांनी बघायचं, अँसिबल लावेल. फर्स्ट इयरचा पोरगासुद्धा खऱ्या सर्व्हरच्या एनजिनएक्सला (वेब सर्व्हर) हात लावू शकतो आणि त्याला तिथे लॉगिनही नाहीये. पहिली रिक्वेस्ट तीच आली, प्रत्येक युजरसाठी पीएचपीचा वेगळा पूल, म्हणजे ज्याचं पीएचपी त्याच्याच युजरखाली. म्हणजे ज्याच्यासाठी सुडो गेलं होतं ते दुखणं अखेर सुडो नसलेल्यांनीच दुरुस्त केलं.

६ सप्टेंबर

भांडण. एकाने प्ले नेटवर्कवर (मोडतोडीच्या व्हीएमचं नेटवर्क) स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर (मशीनना पत्ते वाटणारा) सुरू केला, मुद्दाम. ज्यांची व्हीएम रीस्टार्ट झाली त्यांचा गेटवे (बाहेर जायची वाट) हा झाला आणि त्यांचं सगळं ट्रॅफिक याच्यातून. त्यात एकीचा एका जुन्या, एन्क्रिप्शन नसलेल्या साइटचा पासवर्ड याला दिसला. त्याने तो वापरला नाही, उलट तिला जाऊन सांगितलं, पण ती चिडली आणि बरोबर चिडली.

काही जण म्हणाले काढून टाका त्याला. काही म्हणाले मोडायला दिलेलं नेटवर्क आहे, त्याने मोडलं, चूक काय. मला दोन्ही पटत नाही. व्हीएम मोडायला दिलंय, माणसं नाही. नियम लिहिलेला नव्हता म्हणून त्याच्यावर कारवाई नाही, पण आता लिहिला: स्वतःच्या व्हीएममध्ये काहीही, दुसऱ्याच्या व्हीएमवर त्याला विचारून, त्यापलीकडे कुठेही नाही, "फक्त स्कॅन करून बघितलं" हेही नाही.

तांत्रिक बाजूने ब्रिजवर (व्हीएमना एकमेकांशी जोडणारा आभासी स्विच) फिल्टर लावले, आपल्याला दिलेला पत्ता आणि मॅक (नेटवर्क कार्डचा नंबर) सोडून दुसऱ्या नावाने कोणी बोलू शकत नाही, डीएचसीपीची उत्तरंही फक्त गेटवेकडून. पण मग एआरपी स्पूफिंग (नेटवर्कवर आपण दुसरंच मशीन आहोत असं भासवणं) शिकायचं कुठे? त्यासाठी दुसरा एक ब्रिज केला, ज्याला बाहेर जायला वाटच नाही, फिल्टर नाहीत, आणि तिथली व्हीएम सेशनपुरती बनवायची आणि सेशन संपलं की पुसायची. तिथे स्वतःचा खरा पासवर्ड टाइप करेल तो वेडा. पहिलं सेशन त्यालाच घ्यायला लावलं. चांगलं घेतलं. ती आली नव्हती, आणि तिने यायलाच पाहिजे असंही काही नाही.

१५ सप्टेंबर

मुख्य सर्व्हरवर आता तिघांकडे रूट. ज्युनियरांपैकी एकाने विचारलं, आमच्यावर एवढे नियम, तुम्ही तिघं आमच्या मेल वाचत नाही कशावरून? रास्त प्रश्न. सुडो पहिल्यांदा चालवला की तो सांगतोच दुसऱ्यांच्या खाजगीपणाचा मान ठेवा म्हणून, पण ते सगळे एंटर मारून पुढे जातात. आम्ही सुडोचे लॉग लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवायला लागलो, आणि त्या मशीनचं लॉगिन मॅडमकडे, आमच्यापैकी कुणाकडे नाही. म्हणजे वाचलं तर दिसेल. पूर्ण बंदोबस्त नाहीये हा, रूट असलेला माणूस ठरवलं तर लॉग जायच्या आधीच थांबवू शकतो, पण लॉग थांबला हे तरी दिसतं.

२४ सप्टेंबर

बॅकअप परत आणून बघायचं सेशन. ज्युनियरांनी करायचं होतं पण खऱ्या बॅकअपमध्ये खरी होमं आहेत, सरावासाठी ती कुणाच्या व्हीएमवर ओतणं म्हणजे सगळं केलेलं पाण्यात. म्हणून खोटी होमं बनवून त्यांचा बॅकअप. खरा आम्ही तिघांनी वेगळा केला. डेटाबेसचा डंप रिकामा निघाला, कधीपासून कोण जाणे, दुरुस्त केलं.

३ ऑक्टोबर

आजचं सेशन पीकेएक्झेकवर (सुडोसारखाच, रूटच्या हक्काने कमांड चालवणारा प्रोग्रॅम). जुनं टेम्प्लेट, बंद ब्रिजवर. बग २००९ पासून कोडमध्ये होता, जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला, नाव प्वनकिट, साधा युजर थेट रूट. पोरांनी चालवलं, प्रॉम्प्ट डॉलरचा हॅश झाला (म्हणजे रूट मिळालं) की जो आरडाओरडा झाला तो बाहेरपर्यंत गेला. मग दुसरा भाग, आता बुजवा. कोणी पॅकेज अपडेट केलं, एकीने नुसता सेटयूआयडी बिट काढला आणि पुन्हा चालवून दाखवलं, नाही मिळालं रूट. सेटयूआयडी शब्द आला तसं चमॉडवाला पोरगा बाकीच्यांना समजावून सांगायला लागला, मला बोलावंच लागलं नाही.

शेवटी एकाने विचारलं, हे आपल्या मुख्य सर्व्हरवर चालेल का. चालवून बघ म्हणालो नाही, पॅकेजचं व्हर्जन कसं बघायचं ते दाखवलं. मुख्य सर्व्हर ठीक होता. पण मग तो लॅबचे डेस्कटॉप बघत सुटला आणि खिडकीजवळच्या दोघांवर जुनंच व्हर्जन. ते क्लोन करताना अपडेट बंद राहिलेले. आणि त्या दोघांवर एनएफएसची होमं माउंट आहेत.

दोन्ही लगेच नेटवर्कवरून काढले.

४ ऑक्टोबर

ते दोन डेस्कटॉप टेम्प्लेटवरून नवीन केले, आता सगळे डेस्कटॉप अँसिबलखाली आणतोय, अपडेट आपोआप. कर्बेरॉस पुढच्या टर्मला ढकललं होतं ते आता आधी घ्यायचं, सेकंड इयरच्या त्या मुलीने घेतलंय, तिला की डिस्ट्रिब्युशन सेंटरसाठी (कर्बेरॉसची तिकिटं देणारा सर्व्हर) वेगळं व्हीएम लागेल आणि ते प्ले होस्टवर (मोडतोडीची व्हीएम असलेलं मशीन) चालणार नाही, मुख्य बाजूला जागा बघावी लागेल. सरांना मेल टाकलाय.